यात्रेचं बकरं आणि ईदची कुर्बानी : एका गुरुजींच्या तीन प्रश्नांना उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या गुरुजींनी तीन प्रश्न विचारलेत. त्यांच्या वर्गात हिंदू-मुसलमान दोन्हीकडची मुलं आहेत. गावच्या लक्ष्मी यात्रेत बकरं हलाल करायला मुलाणी येतो आणि बकरी ईदला कुर्बानीही तोच करतो, मग दोन्हींत फरक काय, असं एका मुलानं विचारलं. दुसऱ्यानं विचारलं, देवाला रक्तमांस कशाला लागतं? तिसरा प्रश्न गुरुजींचा स्वतःचा : जनावराला जेवढे पैसे पडतात तेवढेच एखाद्या गरिबाच्या हातावर ठेवले तर चालत नाही का?

गुरुजी, मी मुलाणी घरातला. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांत आमच्याकडे हे काम पिढीजात आहे. आजोबांच्या काळी त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. सुरी धरायला मी वडिलांकडून शिकलो आणि मसले, म्हणजे धर्माचे नियम, मदरशात उस्तादांकडून. त्यामुळे यात्रेचं आणि ईदचं, दोन्ही काम हाताखालून गेलेलं आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं निम्मं आपोआप मिळतं.

अल्लाहला रक्तमांस लागत नाही. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. कुरआनच्या सूरह हजमध्ये (22:37) सरळ म्हटलंय की या जनावरांचं मांस अल्लाहपर्यंत पोचत नाही आणि रक्तही पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे त्याची जाणीव ठेवून वागणं. इस्लामच्या आधी अरबांत बळीचं रक्त काबेच्या भिंतींना फासायची रीत होती, ती या आयतीनं मोडली, असं तफसीरकार, म्हणजे कुरआनचा अर्थ उलगडणारे, सांगतात. त्याच्याच आधीच्या आयतीत हुकूम आहे की यातलं स्वतः खा, आणि जो मागतो त्यालाही द्या, जो मागत नाही त्यालाही द्या. म्हणजे रक्त मातीत जातं, मटण माणसांच्या पोटात जातं. अल्लाहच्या नावानं बाजूला काढून ठेवायचा असा कुठला वाटाच यात नाही. आमच्याकडे काही घरांत अजून पोरांच्या कपाळाला रक्त लावतात, नव्या गाडीच्या चाकाला लावतात. माझ्यासमोर कुणी करू लागलं तर मी हात धरतो. त्याला दीनमध्ये, म्हणजे धर्मात, कसलाही आधार नाही, उलट ज्या आयतीसाठी कुर्बानी करायची तिच्याच ते विरुद्ध जातं.

मग जनावर कापायचंच कशासाठी? पैगंबर इब्राहीम अलैहिस्सलाम यांची आठवण म्हणून. म्हातारपणी झालेला मुलगा, तो हाताशी आल्यावर स्वप्नात हुकूम झाला की त्याची कुर्बानी द्या. सूरह साफ्फातमध्ये हा प्रसंग आहे. माझं सगळं आयुष्य मी हा प्रसंग ऐकत आणि सांगत आलो, तरी एका जागी मी दर वेळी अडतो. इब्राहीम मुलाला न सांगता घेऊन जात नाहीत. ते त्याला स्वप्न सांगतात आणि विचारतात, तुला काय वाटतं? मुलगा म्हणतो, अब्बाजान, हुकूम झालाय तसं करा, अल्लाहनं चाहिलं तर मी सबुरीवाल्यांपैकीच निघेन. कुरआननं त्या मुलाचं नाव इथं घेतलेलं नाही, बहुतेक मुसलमान ते हजरत इस्माईल होते असं मानतात. बापानं मुलाला जमिनीवर आडवं केलं आणि तिथंच आवाज आला की तू स्वप्न खरं करून दाखवलंस. मुलगा वाचला आणि त्याच्या बदली मोठी कुर्बानी दिली गेली. मुलाचा जीव अल्लाहला नकोच होता. ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे तेही माझ्यासाठी मुठीतून सोडशील का, एवढंच विचारलं होतं. दरसाल जिल्हिज या इस्लामी महिन्याच्या 10 तारखेला आम्ही जनावर देतो ते या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. सुरी लावण्याआधी आम्ही जी दुआ पढतो तिच्यातही हेच आहे : माझी नमाज, माझी कुर्बानी, माझं जगणं आणि माझं मरण सगळं अल्लाहसाठी.

आता यात्रेचं. यात्रेत यजमान नवस फेडतो, देवीला नैवेद्य दाखवतो, पैपाहुण्यांना जेवू घालतो. ती त्याची आणि त्याच्या देवीची गोष्ट आहे, मी तिच्यात पडत नाही. मला बोलावतात ते हलाल करायला, म्हणजे त्या जेवणाला गावातला मुसलमानही बसू शकावा. मी अल्लाहचं नाव घेतल्याशिवाय सुरी लावत नाही, हे यजमानालाही ठाऊक असतं. यावर उलेमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, मतभेद आहेत. जनावर ज्याच्या नावानं सोडलंय त्यावर ते हलाल की हराम हे ठरतं, असं काहीजण म्हणतात, आणि त्यामुळे आमच्या भागातल्या काही मुलाणी घरांनी यात्रेचं काम सोडलंही. त्यांच्याशी गावानं कधी वाकडं घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. पण तुमच्या मुलाला फरक सांगायचा तर हा सांगा : नवसात माणूस काहीतरी मागतो, मिळालं की फेडतो. कुर्बानीत मागणं काही नसतं. पोरगं झालं म्हणून नाही, नोकरी लागली म्हणून नाही, ऊस चांगला गेला म्हणून नाही. ऐपत आहे आणि ते दिवस आलेत, एवढंच कारण. पिराला केलेली कंदुरी, मुलाच्या जन्माचा अकिका, आजारपणात काढलेला सदका (दान) ही सगळी वेगळी कामं. लोक त्यांची कुर्बानीशी सरमिसळ करतात, करू नये.

खरं सांगायचं तर कुर्बानीचे मसले शिकताना एक गोष्ट माझ्या मनात घट्ट बसली. यातले जवळजवळ सगळे नियम जनावर देणाऱ्या माणसाला आवर घालणारे आहेत. त्याला कुठंही मोठेपणा मिरवू देत नाहीत.

पहिला नियम, कुर्बानी कुणी द्यायची. आमच्या हनफी मसलकात, म्हणजे इस्लामी कायद्याच्या परंपरेत, ती वाजिब (करावीच लागणारी) आहे, पण ज्याच्याकडे निसाब आहे त्याच्यावरच. साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम, किंवा तिच्या किमतीची गरजेपेक्षा जास्तीची मालमत्ता, हा निसाब. राहतं घर, वापरातली गाडी, धंद्याची हत्यारं धरायची नाहीत, डोक्यावरचं फेडायचं देणं वजा करायचं. जकातीला (सक्तीच्या वार्षिक दानाला) वर्ष उलटावं लागतं तसं इथं लागत नाही, त्या दिवसांत ऐपत असली की झालं. आमच्याकडे एक गोष्ट हमखास विसरतात. घरच्या बाईच्या अंगावरचे दागिने तिचे स्वतःचे असतील आणि निसाब भरत असेल, तर तिच्यावर तिची कुर्बानी वेगळी वाजिब आहे, नवऱ्याच्या बकऱ्यात ती भागत नाही. बेळगावात कोकणातून घाट चढून आलेली शाफई, म्हणजे दुसऱ्या मसलकाची, घरंही आहेत. त्यांच्यात हीच कुर्बानी सुन्नते मुअक्कदा (आग्रहाची, पण सक्तीची नव्हे) आहे आणि एका घरासाठी एक पुरते. त्यांचे दिवसही 13 तारखेपर्यंत चालतात, आमचे 10, 11 आणि 12.

निपाणीत विडी वळणाऱ्या बायांच्या वस्तीत मी वर्षानुवर्षं जातोय. दारात एखादी शेळी, तिचा एक बोकड, तेवढीच त्यांची बचत. त्यातली एखादी म्हणते, मुल्लाजी, यंदा हा बोकड मी ईदला देणार. मी आधी तिला सांगतो, बाई, तुझ्यावर वाजिब नाही, हा विक आणि पोरांची फी भर, तुला कसलाही गुन्हा नाही. तरीही कुणी खुशीनं दिलं तर ते मोठंच. फिकहमधला (इस्लामी कायदेशास्त्रातला) एक मसला मला इथं फार आवडतो. कुर्बानीसाठी घेतलेलं जनावर ईदच्या आधी मेलं किंवा चोरीला गेलं, तर ऐपतवाल्याला दुसरं द्यावंच लागतं. गरिबावर मात्र काहीच उरत नाही, त्याची नियत कबूल.

दुसरा नियम, जनावर कसं. शेळी-बोकड वर्षाचं पुरं पाहिजे. मेंढरू सहा महिन्यांचं असून वर्षाच्या कळपात उभं केल्यावर वेगळं ओळखू येत नसेल इतकं धष्टपुष्ट असेल तर चालतं. बाजारात दलाल तोंडानं वय सांगतो, त्यावर जाऊ नये. बोकडाचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबून दात पाहायचे. पुढचे सगळे बारीक, एकसारखे असतील तर दुधाचे आहेत. मधले दोन रुंद, बाकीच्यांच्या वर आलेले दिसले की दोनदाती झाला, वर्षाच्या वर गेला. मग त्याला चार पावलं चालवायचं. आंधळं, उघड काणं, कत्तलीच्या जागेपर्यंत चालत जाऊ न शकणारं लंगडं, हाडाच्या मगजापर्यंत वाळलेलं, आजारी, यातलं काही असेल तर कुर्बानी होत नाही. खच्ची केलेलं चालतं. आमच्या सीमाभागाला निवड भरपूर आहे. धनगरांची दख्खनी मेंढरं, उस्मानाबादी बोकड, आणि अथणीपलीकडे जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची. या माडग्याळच्या एडक्यांना आणि अंगावर चांद किंवा अल्लाहचं नाव उमटल्याचं सांगून विकायला आणलेल्या बोकडांना लाखांचे भाव सांगतात, लोक त्यांचे व्हिडिओ काढतात, हार घालून गल्लीतून फिरवतात. मला ते पाहवत नाही. चांगलं, गुबगुबीत जनावर निवडणं सवाबाचंच, म्हणजे पुण्याचंच, आहे, पण शेजाऱ्याच्या डोळ्यात भरावं म्हणून घेतलेला बोकड तकव्याच्या खात्यात कसा जमा होणार?

मोठ्या जनावरात सात हिस्से, म्हणजे सात जणांची कुर्बानी, होतात, पण आपल्याकडे कायदा लक्षात ठेवला पाहिजे. कर्नाटकाच्या 2020 च्या कायद्यानं गाय, वासरू, बैल आणि 13 वर्षांखालची म्हैस-रेडा यांच्या कत्तलीला बंदी आहे. नदीपलीकडे महाराष्ट्रात गाय-बैलांना बंदी आहे, म्हशीचं तसं नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एक महाराष्ट्रातल्या कागलला आणि एक कर्नाटकातल्या निपाणीला, आणि दोघांना कायदा वेगळा. शरियतनं मोठं जनावरच द्या असं कुठं म्हटलेलं नाही. एका माणसाचा वाजिब एका बकऱ्यात पुरा होतो. म्हणून मी दरसाल सांगतो, शेळी-मेंढी द्या, पावती घ्या, आणि कायद्याच्या कडेकडेनं चालू नका. ज्या कामानं मोहल्ल्याच्या पोरांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल ते सवाबाचं काम नव्हे.

आता सुरी. हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे की अल्लाहनं प्रत्येक गोष्टीत भलेपणा लावून दिलाय, म्हणून जबह (जनावर कापणं) करताना तो चांगल्या रीतीनं करा, सुरीला धार लावा, जनावराला आराम द्या. जनावराच्या डोळ्यांदेखत धार लावणाऱ्या माणसाला रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी टोकलं होतं की तू त्याला दोनदा मारणार आहेस का? माझे वडील आदल्या रात्रीच सुऱ्या पाजवायचे आणि नखावर पातं ओढून बघायचे. कुठं किंचित अडलं की परत दगडावर. पात्याला दाता पडलेला असेल तर ती सुरी बाजूला. सकाळी जनावराला पाणी दाखवायचं, एकमेकांच्या समोर कापायचं नाही, फरफटत आणायचं नाही. डाव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे, म्हणजे आपल्या इथं पश्चिमेला. सुरी पदराखाली झाकलेली. ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’ म्हणून एका ओढीत श्वासनळी, अन्ननळी आणि मानेच्या दोन्ही शिरा कापायच्या. मान तोडायची नाही, कण्यातल्या दोरीला सुरी लावायची नाही. मग हात सोडून उभं राहायचं. अंग पूर्ण शांत होईपर्यंत सोलायला हात लावायचा नाही. ईदच्या दिवशी सगळ्यात जास्त घाई इथंच होते. पुढच्या घरी बोलावणं असतं आणि कसाई पाय हलत असतानाच कातड्यात सुरी घालतो. असा कसाई मी परत बोलावत नाही.

दुखतं का, हे मुलं विचारणारच. अजिबात दुखत नाही असं त्यांना सांगू नका, कारण तसं कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. खरं ते सांगा. धार बरोबर असेल आणि दोन्ही शिरा एका वेळी कापल्या गेल्या, तर शेळी-मेंढीची शुद्ध काही सेकंदांत हरपते, त्यानंतर पाय झाडतात ती शिरांची ओढ असते. मोठ्या जनावराला जास्त वेळ लागू शकतो, कारण मानेच्या मणक्यांतली रक्तवाहिनी मेंदूला रक्त पुरवत राहते. धार बोथट असेल तर मात्र जनावराचे हाल होतात, आणि त्याचा जबाब माणसाला द्यावा लागणार आहे. मुलांनी पाहावं का, तर लहानांना जबरदस्तीनं उभं करू नये. घरी वाढवलेल्या बोकडासाठी पोरगं रडलं तर त्याला गप्प करू नये. त्या रडण्यात कुर्बानीचा अर्थ मोठ्यांपेक्षा त्यालाच जास्त कळलेला असतो.

वाटणीचं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. एक हिस्सा घरी, एक नातेवाईक-शेजाऱ्यांना, एक गरिबांना, हे चांगलं, पण सक्तीचं नाही. घर मोठं आणि हलाखीचं असेल तर सगळं घरी ठेवलं तरी चालतं. मदिन्यात एका वर्षी बाहेरून उपाशी लोक आले होते, तेव्हा तीन दिवसांपेक्षा जास्त मटण साठवायला मनाई झाली होती, पुढं ती उठली. आता डीप फ्रीझरमध्ये मुहर्रमपर्यंत पुरेल एवढं भरून ठेवणाऱ्यांनी त्या वर्षीची मनाई कशासाठी होती हे एकदा आठवावं. कसायाची मजुरी मटणात किंवा कातड्यात कापून द्यायची नाही, रोख द्यायची. कातडं विकून पैसा स्वतः वापरायचा नाही. पूर्वी कातड्यांवर मदरशांचा बराच खर्च निघायचा, आता भाव इतके पडलेत की गोळा करायचं भाडंही सुटत नाही, म्हणून कातडं देताना सोबत काही रोख द्या. बिगरमुस्लिम शेजाऱ्याला मटण देता येतं, आमच्या गावांत देतातही, आधी विचारून. माळकऱ्याच्या दारात ते न्यायचं नाही. आतडी-रक्त गटारात सोडायचं नाही, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. आणि कापतानाचे फोटो मोबाईलवर फिरवायचे नाहीत, हे तर मी मशिदीतल्या मिंबरवरून (व्यासपीठावरून) ओरडून सांगतो.

2023 साली 29 जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आल्या. आपल्या भागातून पंढरपूरला दिंड्या जातात, घराघरांत उपास असतो. महाराष्ट्रात अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी फक्त नमाज पढून कुर्बानी पुढं ढकलली. आमच्याकडेही विचारायला आले, तेव्हा मी म्हटलं, तीन दिवस आहेत ते कशासाठी? यात दीनला कुठंही बाधा नव्हती. नमाजआधी मात्र करता येत नाही. एका सहाबींनी (पैगंबरांच्या सोबत्यांनी) घाईनं आधी जबह केला तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की ते नुसतं मटण झालं, कुर्बानी परत करा. ज्या वाडीवस्तीवर ईदची नमाजच होत नाही तिथं हनफींमध्ये उजाडल्यापासून मुभा आहे.

शेवटी तुमचा प्रश्न, गुरुजी. वाजिब कुर्बानीच्या जागी त्या तीन दिवसांत पैसे दिले तर ते दान होतं, कुर्बानी होत नाही. नमाजच्या जागी कुणाला जेवू घातलं तर ते पुण्य आहे, पण नमाज राहतेच, तसंच हे. दिवस निघून गेले आणि राहून गेली, तर मात्र एका बकऱ्याची किंमत गरिबाला द्यावी लागते, म्हणजे पैशाचं दार अगदीच बंद नाही. आणि या तीन दिवसांतला पैसा जातो कुठं तेही पाहा. धनगराकडे, शेळ्या पाळणाऱ्या बाईकडे, चारा विकणाऱ्याकडे, कसायाकडे जातो, आणि ज्याच्या ताटात महिनोन्महिने मटण येत नाही त्याच्या ताटात ते येतं. पण तुमच्या म्हणण्यातलं एक मला पूर्ण पटतं. वाजिब एक असताना हौसेनं चार-चार, पाच-पाच नफील (ऐच्छिक) जनावरं कापणाऱ्यांना मी हेच सांगतो. 2019 साली 12 ऑगस्टला बकरी ईद होती आणि त्याच आठवड्यात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा पात्र सोडून वाहत होत्या. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाककडची माणसं शाळांत आणि देवळांत मुक्कामाला होती. माझ्याकडे विचारायला आलेल्यांना मी सांगितलं, आपली वाजिब एक द्या, बाकीच्या जनावरांचे पैसे अंथरूण-पांघरुणाला, औषधाला आणि जनावरांच्या चाऱ्याला द्या. बऱ्याच जणांनी ऐकलं. पूर नसला तरी मी अजून तेच सांगतो : पहिलं बकरं ईदचं, दुसऱ्याची किंमत गल्लीत ज्याच्या घरी आजारपण आहे किंवा ज्याच्या पोराची फी राहिलीय त्याची.